मागून आठ, पुढून सोळा

लुकिया कामाऊचा चेहरा आमच्या बेटांवर फार थोड्यांना माहीत होता. आवाज मात्र सगळ्यांना. सकाळी सहाच्या ठोक्याला कवाईपासून हिलोपर्यंत प्रत्येक स्वयंपाकघरात भाताची वाफ आणि लुकियाचा आवाज एकदमच पसरायचा. लाटा किती, वारा कुठला, पाऊस कोणत्या अंगाला. सात मिनिटं. मी बावीस वर्षं वायकीकीच्या एका हॉटेलात पांढरा सूट घालून, कमरेला लाल पट्टा बांधून गायलो. रोज तीनशे माणसं टाळ्या वाजवायची, पण दुसऱ्या दिवशी रस्त्यात मला कुत्रंही ओळखत नसे. लुकियानं दुकानात नुसतं "एक पाव द्या" म्हटलं तरी चार माणसं वळून विचारायची, "आंटी, उद्या जाळं टाकू का?"

मला मत्सर वाटायचा. कबूल करायला आता काय जातंय?

तिची कामाची रीत साधी होती. साडेपाचला ती टेलिफोन घेऊन बसे. हानालेइला एक तारो कंदांची शेती करणारी बाई होती, माउईला पेट्रोल पंपावरचा एक फिलिपिनो माणूस, हिलोला एक पाववाला. सगळे समुद्रासमोर राहणारे आणि पहाटे उठणारे. ती विचारायची, "किती?" ते आकडा सांगायचे. तिला दोन शब्दांवर तिसरा खपत नसे. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, हालेइवाच्या बंदराचा आकडा माझ्याकडे होता, कारण माझा व्हरांडा बंदराच्या तोंडासमोरच आहे.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "लुकिया, आज समुद्र असा काही गर्जतोय, जणू पडदा वर गेलाय आणि—"

"नाटक्या, आकडा सांग."

"सहा."

"चढती की उतरती?"

"चढती."

"झालं. ठेव फोन."

तेव्हापासून तिच्यासाठी माझं नाव नाटक्या पडलं.

आता हा आकडा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडे लाट मागून मोजतात. लाट फुटायच्या आधी तिच्या पाठीचा जेवढा उंचवटा समुद्राकडून दिसतो, तेवढे तिचे फूट. किनाऱ्याकडून, तिच्या तोंडाकडून पाहिलं तर तीच लाट दुप्पट भरते. मागून आठ म्हणजे पुढून सोळा. असं का, याची कारणं प्रत्येक घरात वेगळी सांगतात. माझी आई म्हणायची, समुद्रासमोर बढाई मारू नये, तो ऐकत असतो. कारण काही असो, आमच्याकडचं लहान पोरही दोन मजली घराएवढी लाट बघून खांदे उडवतं आणि म्हणतं, "आठ असेल." बाहेरून आलेल्याला हे कळायला एक हिवाळा लागतो. इथे जन्मलेल्याला ते शिकवावं लागत नाही.

लुकियाला एक भाऊ होता, वेंडेल. तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आयुष्य लाटांवर काढल्यामुळे थंड वारं आणि पाणी जाऊन त्याच्या डाव्या कानात हाड वाढलं होतं. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. लग्नात पाद्र्यानं "हिचा स्वीकार करतोस का?" विचारलं, तर हा म्हणाला, "काय?" सगळं चर्च हसलं, आणि सगळ्यात मोठ्यांदा नवरी.

वेंडेल क्लाइड फुर्टाडोच्या होडीवर कामाला होता. क्लाइड आमच्याच गावचा. त्याचा बाप बंदरात होड्या दुरुस्त करायचा. क्लाइडनं कर्ज काढून मोठी होडी घेतली आणि पाहुण्यांना देवमासे दाखवायला नेऊ लागला. त्या जानेवारीत एका सकाळी मी लुकियाला आकडा दिला, "आठ, चढती." तिनं सहाला तो वाचला. बंदराच्या तोंडाशी एक हिरवा खांब आहे, पाण्यावर सोळा फूट उंच. वाट कुठून आहे हे तो होड्यांना दाखवतो. त्या सकाळी लाट आली की खांब पूर्ण दिसेनासा व्हायचा. कोणीच होडी काढली नव्हती. क्लाइडनं काढली. पाहुण्यांनी आगाऊ पैसे भरले होते.

खांबापाशीच लाटेनं होडी आडवी केली. चार पाहुणे पाण्यात पडले. वेंडेलनं उडी मारून चौघांनाही एकेक करून होडीपाशी आणलं. पाचवं कोणी नव्हतंच. पण होडीवरून कोणीतरी ओरडलं, "बस, सगळे आले, वर ये!" तो डावा कान होडीकडे करून पोहत होता. तो पुन्हा शोधायला वळला. तो कधी सापडलाच नाही.

चौकशी झाली. चौकशी अधिकारी मुख्य भूमीवरून आलेला, बेटांवर येऊन त्याला चार महिने झाले होते. त्याच्यापुढे क्लाइड फुर्टाडो, हालेइवात जन्मलेला, होडीवाल्याचा पोरगा, बायबलवर हात ठेवून म्हणाला, "रेडिओवर आठ फूट सांगितलं. मी आठ म्हणजे आठच समजलो. माझी होडी आठ फूट सहज झेलते. मला कोणी सांगितलंच नाही की हे लोक वेगळं मोजतात."

हे लोक!

त्या अधिकाऱ्यानं लिहिलं, की अपघाताचं कारण रेडिओवरची दिशाभूल करणारी माहिती. क्लाइडचा परवाना राहिला.

मला साक्षीला कोणी बोलावलं नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही. त्याच आठवड्यात आमचा नवा कार्यक्रम सुरू होत होता. आकडा माझा होता, आणि मी लाल पट्टा बांधून गात होतो. हे मी लुकियाला पुढे कितीदा तरी सांगायला गेलो. ती म्हणायची, "माहितेय. आकडा सांग."

ती रडली नाही, असं तिची भावजय, वेंडेलची बायको, सांगते. निकालाचा कागद तिनं स्वयंपाकघरात कॅलेंडरखाली टाचला आणि म्हणाली, "माझ्या भावाला मी मारलं, असं इथे लिहिलंय. ज्यानं लिहवून घेतलं त्याच्या तोंडून हे पुसून घेईन. लोकांसमोर. तो म्हणेल, मला माहीत होतं. त्याशिवाय हा कागद इथून निघणार नाही."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी, सगळ्या बेटांच्या लाटा, वारा, पाऊस सांगून झाल्यावर, त्याच सपाट आवाजात ती म्हणाली, "आणि हालेइवाच्या क्लाइड फुर्टाडो यांच्यासाठी. मागून आठ म्हणजे पुढून सोळा."

लोकांना वाटलं, एक दिवसाचा राग आहे. पण तिसऱ्या दिवशी तेच. महिन्याभरानंही तेच.

क्लाइडनं वकिलाचं पत्र पाठवलं. रेडिओचा साहेब घाबरून तिच्याकडे धावला. "आंटी, हे बंद करा. तो आपल्याला कोर्टात खेचेल."

"कशाबद्दल? त्यानं शपथेवर सांगितलंय की त्याला मोजमाप कळत नाही. मी एका श्रोत्याला मोजमाप समजावून सांगतेय. त्याला म्हणावं, समजलं असेल तर तसं लिहून दे, मी थांबते."

साहेबानं हे वकिलाला कळवलं. पुन्हा पत्र आलं नाही. लिहून देणार कसं?

ते वाक्य एकोणीस वर्षं चाललं. नाताळला, ईस्टरला, वादळात वीज गेली तेव्हा बॅटरीवर. पोरांच्या तोंडी ते बसलं होतं. क्लाइड जेवणाच्या गाडीपाशी उभा राहिला की वाढणारी बाई विचारायची, "भाताचे दोन गोळे, क्लाइड. पुढून की मागून?" रांगेतली माणसं ताटात बघून हसायची. त्याचे पाहुणे कमी झाले, मग होडी लहान झाली. गाव सोडून गेला असता तर बरं झालं असतं, पण गाव सोडणं म्हणजेही एक कबुलीच.

त्याची बायको वारली त्या दिवशी मला वाटलं, आज तरी ती ते वाक्य गाळेल. लुकियानं नूडल्सचं भलं मोठं ताट स्वतःच्या हातानं करून त्याच्या घरी पाठवलं. आणि त्याच सकाळी वाक्यही म्हटलं. मी आठवडाभर नुसता आकडा सांगून फोन आपटत होतो. तिला फरक पडला नाही. "माझ्या भावाच्या दिवशी त्यानं ताट नव्हतं पाठवलं," एवढंच म्हणाली.

तोवर माझं गाणं सुटलं होतं. आवाज गेला, गुडघे गेले, पट्टा ट्रंकेत गेला. आणि क्लाइड सकाळी माझ्या व्हरांड्यावर यायला लागला. बरोबर सहाला. गावात त्या वेळी प्रत्येक घरात, प्रत्येक गाडीत रेडिओ चालू असायचा. माझ्याकडे मी तो तेवढ्यापुरता बंद ठेवायचो, त्याच्यासाठी. तो कॉफी प्यायचा, समुद्र बघायचा आणि सव्वासहाला उठायचा. त्याच्याकडे बघून मला तो माझाच भाऊबंद वाटायचा. दोघेही त्या दिवशी बोलायचं ते बोललो नव्हतो.

मग ते वर्ष आलं. सरकारी हवामान खात्यानं ठरवलं, की पर्यटकांचा गोंधळ होतो, तेव्हा एक तारखेपासून सगळ्यांनी लाट पुढून मोजायची. रेडिओवरही तसंच सांगायचं. मागून मोजणं बंद.

हे कळलं त्या दिवशी लुकिया पहिल्यांदा माझ्या व्हरांड्याच्या पायऱ्या चढून आली. सत्तरीला टेकली होती. धापा टाकत खुर्चीत बसली.

"नाटक्या, एक तारखेपासून आठ म्हणजे आठच."

"ऐकलं मी."

"म्हणजे तो खरा ठरला. माझं वाक्य खोटं पडलं. एकोणीस वर्षं मी जे सांगितलं ते सरकारनं पुसलं, आणि त्याला एक शब्द बोलावा लागला नाही." तिनं मुठी आवळल्या होत्या. "आज सव्वीस तारीख. पाच दिवस आहेत माझ्याकडे."

"वय झालंय गं आता. त्याचंही आणि—"

"वेंडेलचं झालं नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. "तो तुझ्याकडे कॉफी प्यायला येतो ना?"

"येतो."

"आणि आकडा तुझा होता ना?"

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"उत्तरेकडे मोठं वादळ झालंय," ती म्हणाली. "परवा सकाळी त्याच्या लाटा इथे पोचतील. त्या दिवसासारख्या. परवा मी तुला साडेपाचला फोन करणार नाही. सहा वाजून दोन मिनिटांनी येईल. सगळी बेटं ऐकत असतील. तुझा घसा बसलाय. फोन तू त्याच्या हातात द्यायचास. बाकी काही करायचं नाही. जमेल का?"

"बाई, मी बावीस वर्षं रंगमंचावर काढलीत."

"म्हणूनच विचारतेय. उगाच जास्त करू नकोस."

अठ्ठावीस तारखेला उजाडलं तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. लाट आली की हिरवा खांब बुडायचा, गेली की पाणी निथळत वर यायचा. क्लाइड सहाला आला, टोपी काढून बसला. मी गळ्याला मफलर गुंडाळला होता. खुणेनं सांगितलं, घसा. हातानं कॉफी दिली.

फोन वाजला. मी उचलला, तोंड उघडलं आणि खोकलो. छान, खोल, तीन टप्प्यांत. क्लाइडकडे रिसीव्हर धरला.

त्यानं हात आखडले. "ती आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. घोगऱ्या आवाजात म्हणालो, "हल्ली स्टेशनातली पोरगी विचारते. आकडा सांग नुसता. माझा आवाज..." पुन्हा खोकलो.

खरोखरच पोरगीचा आवाज आला. मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. "हालेइवा, किती?"

क्लाइडनं समुद्राकडे पाहिलं. एक लाट उठली, खांब गेला. साठ वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही.

"आठ," तो म्हणाला. "चढती."

मग लुकियाचा तो सपाट आवाज आला. "क्लाइड, हिरवा खांब दिसतोय का?"

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. फोन ठेवता आला असता. पण विचारलेला प्रश्न समुद्राचा होता, आणि समुद्राबद्दल खोटं उत्तर द्यायला पाहुणा अधिकारी समोर नव्हता.

"नाही. बुडतोय."

"खांब किती उंच?"

"सोळा. माझ्याच बापानं रंगवलाय तो."

"सोळाचा खांब बुडतोय आणि तू आठ म्हणतोस?"

"मग काय म्हणू? मागून आठच आहे!" तो चिडला. होडीवाल्यासारखा चिडला, एखाद्या नवख्यानं दोरीची गाठ चुकीची म्हटल्यासारखा. "पुढून कोण मोजतं? मी सात वर्षांचा असल्यापासून मागून मोजतोय, माझा बाप मागून मोजायचा, आता तू मला—"

तो थांबला. रिसीव्हर कानालाच होता. बाहेर लाट फुटली आणि पाण्याचे थेंब व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत उडाले.

"त्या दिवशीसुद्धा?" लुकियानं विचारलं.

मी आयुष्यात पुष्कळ स्तब्धता अनुभवल्या आहेत. प्रेक्षकांची, पडदा अडकल्याची, गाण्याचे शब्द विसरल्याची. इतकी लांब कुठलीच नव्हती. शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी मोठा केला होता. तिचा प्रश्न भिंतीपलीकडून पुन्हा ऐकू आला, आणि तेव्हा क्लाइडला कळलं की हे कोण कोण ऐकतंय. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं.

"त्या दिवशीसुद्धा," तो म्हणाला. "माहीत होतं मला. वेंडेलनं सांगितलं होतं, आज नको. माहीत होतं."

"हालेइवा, आठ फूट, चढती," रेडिओ म्हणाला. "माहिती दिली क्लाइड फुर्टाडो यांनी. माउई, उत्तर किनारा, दहा. वारा ईशान्येकडून, पंधरा मैल." आणि ती हिलोच्या पावसावर गेली. त्या दिवशी शेवटचं वाक्य नव्हतं.

क्लाइडनं रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. उरलेली कॉफी प्याला. मग कप विसळून पालथा घातला, तो रोजच घालायचा.

"मोझेस," टोपी घालताना तो म्हणाला, "लोक म्हणायचे तुला अभिनय येत नाही, नुसतं गाणं येतं. मूर्ख होते."

मी म्हणालो, "क्लाइड, बस ना."

तो बसला नाही. पुन्हा कधी आलाही नाही. त्यानंतर आठ वर्षं जगला, पण माझ्या व्हरांड्यासमोरून जाताना समुद्राकडे बघत जायचा. मी रोज सहाला रेडिओ बंद करत राहिलो, सवयीनं. काही लोक म्हणाले, म्हाताऱ्याला फसवून लोकांसमोर उघडं पाडणं बरं नव्हे. बरं नव्हतंच. पण पुन्हा वेळ आली तर मी तसाच खोकेन.

त्याच दिवशी रेडिओच्या साहेबानं लुकियाला खोलीत बोलावून अर्धा तास सुनावलं, म्हणे, न सांगता माणसाला रेडिओवर आणायचं नसतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कार्यक्रमाची टेप द्या." त्यानं दिली.

दुपारी ती बंदराच्या खडकांवर उभी दिसली, हातात बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर आणि काखेत तो कॅलेंडरखालचा कागद. मी गुडघे धरत तिथवर गेलो. लाटा अजून उतरल्या नव्हत्या. अंगावर शिंतोडे येत होते.

"खोकला जास्त झाला तुझा," ती म्हणाली.

"कुठे जास्त?"

"तीन वेळा खोकलास. एकदा पुरे होतं. नाटक्या तो नाटक्याच."

तिनं आवाज पूर्ण चढवला, टेपरेकॉर्डर खांबाच्या दिशेनं धरला आणि बटण दाबलं. क्लाइडचा आवाज फाटका होऊन पाण्यावर गेला. माहीत होतं मला. वेंडेलनं सांगितलं होतं, आज नको. माहीत होतं. खांब बुडाला, वर आला.

कागदाचे तिनं चार तुकडे केले, आठ केले, आणि वाऱ्याची दिशा बघून सोडले. मग टेप मागे फिरवायला लागली.

"झालं की आता," मी म्हणालो. "ओली होशील. ऐकलं त्यानं."

"कुठला ऐकतोय एकदाच्यात," ती म्हणाली. "तो डावा कान इकडे करून असायचा."

आणि तिनं पुन्हा बटण दाबलं.